मादामचा घसा

शाळेत फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंना सगळेच मादाम म्हणत. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, शिपाई म्हणे, आणि मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते तर हा शब्द असा उच्चारत की जणू तो त्यांनीच स्वतः जाऊन परदेशातून आणलाय. घरी नवराही चिडला की म्हणे, "मादाम, चहा मिळणार आहे का आज?" इतकी वर्षं ही हाक ऐकून बाईंना स्वतःचं खरं नाव बँकेत सही करण्यापुरतंच आठवे.

मादामच्या फ्रेंचचा शाळेत मोठा दरारा होता. निकाल दरवर्षी शंभर टक्के. गाळलेल्या जागा भराव्यात तर त्यांच्याच मुलांनी, क्रियापदं चालवावीत तर त्यांच्याच मुलांनी. "मामाचे पेन टेबलावर आहे" हे वाक्य त्यांचा प्रत्येक विद्यार्थी झोपेतून उठवून विचारलं तरी एकवचनात, अनेकवचनात आणि नकारार्थी म्हणून दाखवी. मादाम स्वतः कॉलेजात फ्रेंचकडे वळल्या, कारण जर्मनचा वर्ग भरला होता. त्यांना ज्या सरांनी शिकवलं, ते सर त्यांच्या सरांकडून शिकलेले, आणि ते थोरले सर पोस्टाने शिकलेले. तीन पिढ्यांच्या या परंपरेत एकाही फ्रेंच माणसाने लुडबुड केलेली नव्हती, त्यामुळे भाषा अगदी शुद्ध राहिली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग पलीकडच्या शाळेच्या सहलीचा फोटो पेपरात आला. मुलं विमानाच्या शिडीवर उभी, आणि मध्ये त्यांचे मुख्याध्यापक, गळ्यात मफलर. तो मफलर मोठ्या सरांच्या जिव्हारी लागला. त्याच आठवड्यात त्यांनी मादामना बोलावलं.

"मादाम, आपणही जायचं. नुसती सहल नाही, देवाणघेवाण. आपली मुलं तिकडे फ्रेंच घरांत राहणार, तिकडची मुलं नंतर इकडे येणार. घेऊन जायला तुम्ही आहातच. आम्हाला काय काळजी!"

चेहऱ्यावर मादामनी तोच भाव ठेवला, जो वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की ठेवत. म्हणजे किंचित हसायचं आणि चष्मा पुसायचा.

तिकडच्या शाळेच्या मास्तरांशी पत्रव्यवहार मादामनी केला. एकेक पत्र शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिलेलं, इतकं आदबशीर की तिकडच्या मास्तरांना वाटलं, बाई कुठल्यातरी राजघराण्यातल्या असाव्यात. मुलांची निवड झाली, घरं ठरली. निघण्याआधी मोठ्या सरांनी सभागृहात भाषण ठोकलं आणि त्यात एक नियम करून टाकला. तिकडे पाऊल ठेवल्यापासून फक्त फ्रेंच. इंग्रजीचा एक शब्द कानावर आला तर तोंडी परीक्षेचे गुण कापणार. आईबापांनी टाळ्या वाजवल्या. मादामनीही वाजवल्या, जरा हळू.

मुलांमध्ये दोघांवर सगळ्यांचं लक्ष होतं. एक मुलगी, जिला सगळे पहिला नंबर म्हणत, कारण तिला दुसरा कधी मिळालाच नव्हता. मादामनी फळ्यावर खोकला लिहिला असता तरी तिने तो वहीत उतरवून घेतला असता. दुसरा एक मुलगा, भोंगा. त्याला फ्रेंचमध्ये जेमतेम काठावरचे गुण, पण बोलणं मात्र थांबत नसे. त्याला नेऊ नये असं मादामचं मत होतं. त्याचे वडील शाळेच्या समितीवर असल्यामुळे मोठ्या सरांचं मत वेगळं होतं.

विमानात मादाम कुणाला दिसू नये अशा बेताने ओठ हलवत बसल्या होत्या. स्वागताला उत्तर म्हणून भाषण पाठ केलं होतं. सुरुवात "या मंगलप्रसंगी" अशी काहीतरी होती.

तिकडच्या शाळेचं सभागृह म्हणजे जेवणाचाच हॉल, बाकं भिंतीला लावून रिकामा केलेला. यजमान घरं वाट बघत उभी होती. सगळी माणसं एकाच वेळी बोलत होती, आणि मादामना त्यातलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. एकही ओळखीचा शब्द नाही. ज्या भाषेत त्यांनी इतकी वर्षं लोकांचे गुण कापले, ती भाषा ही माणसं बोलत नसावीतच अशी त्यांना क्षणभर आशा वाटली. कदाचित हॉल चुकला असेल. पण भिंतीवर त्यांच्याच शाळेचं नाव रंगीत कागदावर लिहिलं होतं.

तिकडचे मास्तर पुढे आले. उंच, वाकलेला माणूस, अंगात घामाने भिजलेला शर्ट. त्यांनी दहा-बारा वाक्यं एका दमात म्हटली आणि हात पुढे करून मादामना बोलायला सांगितलं. हॉल शांत झाला. मादामनी तोंड उघडलं. मंगलप्रसंग कुठे गेला कोण जाणे. त्यांनी तोंड मिटलं, परत उघडलं, आणि मग हात आपोआप गळ्याकडे गेला. त्या खोकल्या. बोट गळ्याकडे दाखवून त्यांनी मान हलवली.

सगळा हॉल एकदम "अरेरे!" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.

"मादाम, विमानात तर तुम्ही माझ्यावर केवढ्या ओरडत होतात," भोंगा म्हणाला.

"म्हणूनच बसला ना घसा, मेल्या," मादाम कुजबुजल्या.

आणि दैवाची थट्टा बघा, मादामची व्यवस्था ज्या घरी होती, त्या घरची बाई नर्स निघाली. ती गर्दीतून वाट काढत आलीच. चाळिशीची, आखूड केसांची, रुग्ण दिसला की जिच्या अंगात वारं शिरतं अशी. तिने तिथेच मादामना उजेडाखाली उभं केलं, तोंड उघडायला लावलं आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून मादामना बजावलं, की बोलायचं नाही. एक शब्दही नाही.

मादामना तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

नर्सबाईंचं घर गावाच्या टोकाला, बेकरीच्या पलीकडे, खिडक्यांना हिरव्या झडपा. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. घरात त्याची बायको आणि त्याची आई. म्हणजे दोन पक्ष होते आणि मध्यस्थ कायम बाहेरगावी. मादामना वरची खोली दिली होती. सकाळ-संध्याकाळ वाफारा, गळ्याला लोकरीचा पट्टा, आणि चमच्याने एक काळं औषध, ज्याच्या चवीमुळे खोटं बोलण्याची पुरेपूर शिक्षा रोजच्या रोज मिळत होती.

सासूबाई दिवसभर स्वयंपाकघरात. वय झालेलं, गुडघे गेलेले, जीभ मात्र धडधाकट. सून कामाला गेली की त्या मादामना समोरच्या खुर्चीत बसवत, हातात बटाटे आणि सोलाणं देत, आणि सुरू होत. मादाम पहिले काही दिवस नुसत्या माना डोलवत बसल्या. शब्द कळत नव्हता. पण विषय कळायला शब्द कशाला हवेत? सुनेबद्दल बोलताना सासूच्या भुवया जिथे चढतात, तिथेच याही बाईंच्या चढत होत्या. मादामच्या स्वतःच्या सासूबाई याच जागी थांबून, असाच सुस्कारा टाकून, पदराने डोळे टिपत. इथे पदर नव्हता म्हणून एप्रन.

एके दिवशी बटाटा सोलता सोलता मादामना एक शब्द ऐकू आला. मग तोच परत. "नेहमी". फ्रेंचमधलं "नेहमी" त्यांनी हजारदा शिकवलं होतं, पण पुस्तकात तो शब्द इस्त्री करून ठेवलेला असायचा. इथे सासूबाई त्याची मागची अर्धी बाजू गिळून टाकत होत्या. थोड्या वेळाने दुसरा सापडला, "कधीच नाही". आणि मग जणू गाठ सुटली. कारण सासूबाईंचं सगळं बोलणं या दोन खुंट्यांवरच टांगलेलं होतं. ती साल नेहमी जाड काढते. ती मला कधीच विचारत नाही. ती नेहमी दार आपटते. माझ्या मुलाच्या शर्टाला कधीच इस्त्री नसते.

संध्याकाळी नर्सबाई मादामना गाडीतून औषधाच्या दुकानात नेत आणि वाटेत मन मोकळं करत. तिथेही त्याच दोन खुंट्या. त्या नेहमी माझ्या मागे भांडी परत धुतात. कधीच एक चांगला शब्द नाही. मादाम दोन्हीकडे त्याच गांभीर्याने मान हलवत. दोघींनाही वाटे, ही बाई आपल्या बाजूची. एखादी वकील दोन्ही पक्षांची फी घेते, तशी मादामना दोन्ही पक्षांकडून जादा लोणी मिळू लागलं.

आणि गंमत म्हणजे कान उघडत चालले होते. रोज थोडं थोडं. बेकरीवाली गिऱ्हाइकाला काय टोमणा मारते ते कळलं, तेव्हा मादाम पाव न घेताच दुकानाबाहेर येऊन एकट्याच हसल्या. शिकवायला लागल्यापासून एवढं फ्रेंच त्या कधी शिकल्या नव्हत्या.

मुलं रोज सकाळी शाळेत भेटत. प्रत्येकाची काहीतरी तक्रार असे. कुणाच्या घरी कुत्रा पलंगावर झोपतो, कुणाच्या घरी रात्री आठनंतर वायफाय बंद करतात, आणि त्यावर अश्रू ढाळणारा मुलगा आईबापांची आठवण येते असं सांगतो. मादाम सगळ्यांना कुजबुजत एकच सल्ला देत, "जुळवून घ्या."

भोंग्याची तक्रार नव्हती. तो मोठ्या सरांचा नियम अक्षरशः पाळत होता. इंग्रजीचा शब्द काढत नव्हता. सरळ मराठीत बोलत होता, मोठ्याने आणि हातवारे करून. त्याच्या यजमान घरची धाकटी मुलगी आता जेवायला बसताना "चल, सरक" म्हणते, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

पहिल्या नंबरची मात्र रया गेली होती. डोळ्यांखाली काळं, पण गाल वर आलेले.

"मादाम, ते लोक मला खायला घालून घालून मारणार. मी नको म्हटलं की आणखी वाढतात!"

"म्हणायचं काय मग? शिकवलंय ना?" मादाम कुजबुजल्या.

"रोज म्हणते. प्रत्येक जेवणाला म्हणते. मी म्हटलं की काकू डोळे पुसतात आणि पुन्हा वाढतात. काल उलटी झाली मला. त्यानंतर तर बॅगसुद्धा उचलू देत नाहीत. काका जिन्यावरून हात धरून उतरवतात. कॉफी बंद केली माझी."

"याला पाहुणचार म्हणतात. कौतुक करतात तर करून घ्यावं."

पहिल्या नंबरने मान डोलवली. मादामनी सांगितलं म्हणजे ते बरोबरच असणार.

त्याच दिवशी दुपारी नर्सबाई घरी असताना फोन वाजला. त्यांनी ऐकलं, खुर्ची ओढून बसल्या, मादामकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली केला. फोन ठेवून सासूबाईंना काहीतरी सांगितलं. सासूबाईंच्या हातातली सुरी खाली आली. इतक्या दिवसांत दोघी पहिल्यांदाच एकमेकींशी पूर्ण वाक्यात बोलल्या, तिथेच मादामनी ओळखलं, काहीतरी गंभीर आहे. "मुलगी" कळलं. "सोळा वर्षं" कळलं. "बिचारी" तर तीन वेळा कळलं.

गाडीत बसायला सांगितलं. सासूबाई न विचारता मागे येऊन बसल्या. गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते.

पहिल्या नंबरचे यजमान काका जनावरांचे डॉक्टर होते. गोठ्याचे बूट दाराबाहेर, आत चकचकीत दिवाणखाना. तिकडचे मास्तर आधीच येऊन बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, समाचाराला आल्यासारखे. काकूंचे डोळे लाल. पहिला नंबर वर खोलीत, आतून कडी लावून.

मास्तर हलक्या आवाजात, शब्द जपून बोलू लागले. त्यामुळे मादामना बरंच कळत होतं. प्रसंग नाजूक आहे. कुणी कुणाला दोष देत नाही. तुम्हाला याची कल्पना होती का? मुलीच्या आईला कळवावं, की आधी डॉक्टरांना दाखवावं?

काय झालंय हेच कुणी म्हणत नव्हतं. मादामनी डोळे मोठे करून हाताने विचारलं, काय?

शेवटी जनावरांचे डॉक्टरच म्हणाले. ते आडपडदा न ठेवणारे गृहस्थ होते. मुलगी स्वतःच रोज सांगते, म्हणाले. पहिल्या दिवसापासून. ताटावर हात धरून सांगते, ज स्वी प्लेन. आता आम्ही हा शब्द माणसांना वापरत नाही. मी दिवसभर गोठ्यांत हाच शब्द ऐकतो, गायीबद्दल, कुत्रीबद्दल. पण परक्या भाषेतली पोर, तिला बिचारीला माणसांचा शब्द ठाऊक नसेल. अर्थ तर स्पष्टच आहे ना? मी गाभण आहे.

मादामच्या डोळ्यांसमोर फळा आला. किती वर्षं झाली असतील कोण जाणे, कुठल्याशा वर्गातल्या एका आगाऊ मुलीने विचारलं होतं, "मादाम, पोट भरलं हे कसं म्हणायचं?" पुस्तकात नव्हतं. मादामनी चष्मा पुसला, "भरलेली" या अर्थाचा शब्द घेतला, त्याच्या आधी "मी आहे" लावलं, आणि ठणठणीत आवाजात फळ्यावर लिहून दिलं. ज स्वी प्लेन. पाठ करा. तेव्हापासून मुलींच्या कितीतरी तुकड्या हे वाक्य घोकून शाळेतून बाहेर पडल्या होत्या. तोंडी परीक्षेत त्याला हमखास गुण मिळत.

आणि इथे, या घरात, ती पोर रोज दोन वेळा ताटावर हात धरून सांगत होती की मी गाभण आहे, आणि काकू डोळे पुसून म्हणत होत्या की मग तर बाळे, दोघांपुरतं खायला हवं.

मादामना आधी घाम फुटला, मग हसू. ते थांबेचना. खदाखदा, खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. लोकरीचा पट्टा सुटून खाली पडला. मास्तरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं, धक्का बसला.

"नाही!" मादाम फ्रेंचमध्ये ओरडल्या. "नाही, नाही! पोट! जेवण! ती फार जेवली!"

एका फ्रेंच माणसासमोर त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं फ्रेंच. त्यात "या मंगलप्रसंगी" नव्हतं, पण काम भागलं.

"मग ती उलटी?" जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

आदबशीर वळण घ्यायला वेळ नव्हता आणि तशी वळणं येतही नव्हती. मादामनी सरळ काकूंकडे बोट दाखवलं. "तुमची बायको!"

डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा ते असे हसले की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. काकूंना मात्र राग आला. इतके दिवस त्यांनी मायेने खाऊ घातलं, मऊ खुर्ची दिली, वर शेजारणीकडून पाळणा बघून ठेवला होता. मग त्यांनाही हसू फुटलं. सासूबाईंनी मात्र हिरमुसल्या तोंडाने सगळ्यांकडे पाहिलं. एवढ्या लांबून आल्यावर हाती काहीच लागलं नव्हतं.

हसण्याचा आवाज ऐकून पहिला नंबर खाली आली. मास्तरांनी तिला नीट समजावून सांगितलं, आणि मग सहज म्हणून विचारलं, "हे वाक्य तुला शिकवलं कुणी?"

पोरीचा चेहरा लाल झाला. तिने मादामकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत, अगदी स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "मीच कुठेतरी चुकीचं लिहून घेतलं असेन."

आयुष्यात पहिल्यांदा या मुलीने स्वतःच्या नावावर चूक घेतली होती. मादामना गप्प बसता आलं असतं. घसा आहेच, परत बसवता आला असता. मोठ्या सरांनी नेमकं तेच केलं असतं आणि वर त्या पोरीला शिस्तीवर चार शब्द सुनावले असते.

"मी," मादाम म्हणाल्या.

एका शब्दाचं वाक्य असल्यामुळे व्याकरणाची एकही चूक झाली नाही.

मास्तरांनी त्यांच्यासाठी कॉफी ओतली. पहिल्या नंबरने मादामकडे बघितलं, पहिल्यांदाच जरा तपासून, एखादं उत्तर पुन्हा पडताळून बघावं तसं. त्यानंतर ती वर्गात मादामचं सगळं उतरवून घेईनाशी झाली.

परतताना गाडीत मादाम तुटक्या तुटक्या शब्दांत म्हणाल्या, "माझा घसा... क्षमा करा."

"तुमचा घसा मी पहिल्याच दिवशी बघितला," नर्सबाई रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाल्या. "गुलाबासारखा होता."

"मग ते औषध?"

"ते तुम्हाला कडू लागावं म्हणून. पण बरं करायची घाई मला नव्हती. आमच्या घरात कुणीतरी कुणाचंतरी ऐकत होतं. लग्न झाल्यापासून असं कधीच झालं नव्हतं."

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "मी तर नेहमी ऐकते."

आवाज परत आला आणि मादामचे सुखाचे दिवस संपले. आता त्या बोलू शकत होत्या, तेव्हा त्यांनी न्याय करावा अशी दोघींची अपेक्षा. सकाळी सासूबाई साल दाखवत, सांगा, ही जाड की पातळ? संध्याकाळी नर्सबाई विचारत, धुतलेली भांडी परत धुणं याला वेड म्हणायचं की नाही? मादाम दोन दिवस चष्मा पुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना दोघींनी एकदमच विचारलं, तेव्हा त्या नाइलाजाने म्हणाल्या, "दोघींचंही चुकतं."

खरं म्हणजे त्यांना "दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे" असं म्हणायचं होतं. पण ते वाक्य लांब होतं आणि मध्ये एक अवघड क्रियापद येत होतं.

मग सासूबाईंनी सुनेकडे बघितलं, सुनेने सासूकडे. "बघितलंत?" सून म्हणाली. "बघितलं," सासू म्हणाली. "इतके दिवस घरात ठेवून घेतलं." "वाफारा दिला." "मी बटाटे सोलायला शिकवलं, नाहीतर ही तर साल तुझ्याहून जाड काढत होती." त्या रात्री सासू आणि सून भांडी धुताना शेजारी उभ्या राहून पाहुणीची उणीदुणी काढत होत्या. एकदा धुतलेली भांडी परत धुतली गेली नाहीत. वरच्या खोलीत मादामना शब्दन् शब्द ऐकू येत होता आणि, काय सांगावं, कळतही होता.

निघताना मात्र दोघींनी गालांना गाल लावून निरोप दिला आणि त्या काळ्या औषधाची एक बाटली सोबत दिली.

परत आल्यावर मोठ्या सरांनी समारंभ ठेवला. गळ्यात नवा मफलर. मुलांनी अनुभव सांगितले. आईबापांना जसे हवे तसे, म्हणजे तिकडची स्वच्छता, तिकडची शिस्त वगैरे. भोंगा व्यासपीठावर म्हणाला की फ्रेंच लोक फार हुशार, आठवडाभरात मराठी समजायला लागले. त्याच्या वडिलांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. पहिल्या नंबरच्या आईला मात्र प्रकरण उडत उडत कळलं होतं. ती समारंभानंतर मादामना गाठून म्हणाली, "माझ्या मुलीला तिकडे काय म्हणाले म्हणे?"

"काही नाही हो," मादाम म्हणाल्या. "त्यांनी नाही, म्हणाली तीच. शब्द माझा होता."

आईला काही समजलं नाही, पण मादामनी इतकं सरळ उत्तर पूर्वी कधी दिलं नव्हतं म्हणून ती मान डोलवून निघाली.

पुढच्या वर्षापासून मादामच्या वर्गात बदल झाला. आठवड्यातून एक तास पुस्तक बंद. तिकडच्या मास्तरांनी पाठवलेलं ध्वनिमुद्रण लावायचं, बाजारातली बोलणी, बसमधली भांडणं, फोनवरची कुचाळकी. पहिल्या तासाला मुलं भांबावून बसली.

"मादाम, काय म्हणतात हे?"

"मलाही अर्धंच कळलंय," मादाम म्हणाल्या. "परत ऐकू या."

वर्गात कुजबूज झाली. मादामना येत नाही हे मादाम स्वतःच सांगतायत, असा प्रकार त्या शाळेत कुणी पाहिलेला नव्हता. संध्याकाळपर्यंत ही बातमी पालकांच्या ग्रुपवर पोचली. त्या वर्षी निकालही घसरला, कारण प्रश्नपत्रिकेत मामाचं पेन अजून टेबलावरच होतं आणि मुलांनी त्याकडे जरा दुर्लक्ष केलं होतं. मोठ्या सरांनी बोलावून घेतलं. शाळेच्या परंपरेची आठवण करून दिली, आणि ती कानाने ऐकण्याची नवी टूम शनिवारी, शाळा सुटल्यावर, ज्यांना हवं त्यांच्यासाठीच ठेवावी असं सुचवलं.

मादामनी शनिवार मान्य केला. आधी चारच मुलं आली. खिडक्या लावल्या, यंत्र सुरू केलं. दोन फ्रेंच बाया कुठल्याशा तिसरीबद्दल तावातावाने बोलत होत्या. मुलं कान टवकारून बसली आणि मादाम त्यांच्यातच, मधल्या बाकावर, हनुवटी हातावर टेकवून.